तांबड्या कड्यातली फरशी

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी, भालकी तालुक्यातल्या एका गावाबाहेर खडी फोडणाऱ्या मजुरांना जांभ्या दगडाच्या कड्यात एक लहान गुहा उघडी पडलेली दिसली. गुहेत हाडे होती. काम दुपारपर्यंत थांबले आणि जेवणानंतर कड्याच्या दुसऱ्या टोकाला सुरू झाले.

मी मंगळवारी पोचलो. तेव्हा मी एका मराठी दैनिकाचा सीमाभागातला वार्ताहर होतो. फाट्यापर्यंत बस आणि तिथून पाऊण तास पायी. त्या उन्हाळ्यात मी पाठवलेल्या बहुतेक बातम्या आटलेल्या विहिरींच्या आणि चाऱ्याच्या होत्या. हाडांची बातमी त्यातली नव्हती, म्हणून गेलो.

गुहा म्हणावे इतकी ती मोठी नव्हती. तोंड कमरेइतके उंच, आत आठ-नऊ हात खोली. माणूस आत बसू शकत होता, उभा राहू शकत नव्हता. खाली मांजरा नदीला मिळणारा ओढा होता, कोरडा. काही वर्षांपूर्वी कड्याचा वरचा दगड घसरून गुहेचे तोंड बुजले होते. पहारीने तो दगड हलला आणि तोंड मोकळे झाले. सोमवारी कुणीतरी ही माणसांची हाडे आहेत, रझाकारांच्या वेळची आहेत, असे म्हटल्यामुळे हवालदार येऊन गेला होता. त्याने शिंगे पाहिली, 'जनावरांची' असे लिहून घेतले आणि परत गेला.

कामावरच्या मुकादमाला सगळे अण्णा म्हणत. घरी कन्नड, कामावर मराठी बोलणारा माणूस होता.

"ह्याची काय बातमी करायलाव तुमी?" तो मला म्हणाला. "गावातली मेलेली ढोरं वडून आणायचे, हाडं वाळवायचे, हितं भरून ठेवायचे. वस्तीवरचे लोक. पैल्यापासून त्यांचंच काम हाय ते."

"आता कोण करतं?"

"आता कोण करतंय? आता ते बौद्ध झालेत."

मी लिहून घेतले. वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती. मी तिथे गेलो नाही. परतीची बस चारला होती. बातमी अकरा ओळींची झाली. शेवटचे वाक्य असे होते: 'गावालगतच्या वस्तीतील लोक पूर्वी मृत जनावरांची हाडे या गुहेत साठवीत, असे समजते.' ज्या माहितीची खात्री केलेली नसे, तिला आम्ही 'असे समजते' जोडत असू.

माझे घर संतपूरकडचे, शेती करणारे. आमच्या गोठ्यातले मेलेले जनावर कोण नेत असे, हे मला लहानपणापासून माहीत होते. कुठे नेत असे, हे मी कधी विचारले नव्हते.

शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचा एक अधिकारी आला. पन्नाशी ओलांडलेला, दोन्ही गुडघे सुजलेले. त्याला कन्नड आणि इंग्रजी येत होते, कामापुरती दखनी येत होती, मराठी येत नव्हती. संपादकांना पुढची बातमी हवी होती, म्हणून मी परत आलो आणि त्याचा दुभाषा झालो. आम्ही दोघे शाळेच्या व्हरांड्यात राहिलो. शाळेला सुट्टी लागली होती. पाणी टँकरचे होते, दर माणशी एक घागर. त्यातच अंघोळ, चहा आणि त्याच्या गुडघ्यांचा शेक.

त्याने पहिल्याच दिवशी गुहेच्या तोंडाशी एक चर खणून घेतला. वर हातभर जाडीचा हाडांचा थर होता. हाडे पांढरी, वाळकी, हलकी. त्यात दोराचा एक कुजका तुकडा आणि गंजलेली लोखंडी कडी मिळाली. त्या थराखाली चपट्या दगडांची फरशी होती, दगडाला दगड नीट जुळवलेला. फरशीखाली राखेच्या रंगाची माती. त्या मातीत निघालेली हाडे वेगळी होती. ती जड होती, काळपट होती आणि थापीने टिचकी मारली तर दगडासारखी वाजत होती. त्यांच्याबरोबर नखाएवढ्या धारदार गारगोट्या सापडल्या, माणसाने घडवलेल्या.

अधिकाऱ्याने फरशीचे सांधे थापीने साफ केले. इतक्या जुन्या काळच्या माणसाने गुहेत फरशी घातल्याचे या भागात कुठे सापडले नव्हते, असे त्याने नंतर मला सांगितले. त्याने भालकीला माणूस पाठवून वरिष्ठांना तार केली.

दुसऱ्या दिवशी माती चाळायला माणसे हवी होती. अधिकाऱ्याने मुकादमाला चार मजूर मागितले. मुकादमाने खडीच्या ढिगाकडे पाहिले. तिथे साठीच्या पुढचा एक म्हातारा पाटी उचलत होता. त्याची बायको जवळच बसून दगड फोडत होती. दोघेही वस्तीवरचे. म्हाताऱ्याला सगळे अप्पा म्हणत.

"अप्पा, ती पाटी ठेवा अन् हितं या," मुकादम म्हणाला. "साहेबाची हाडं उचलायची हायेत."

अप्पाने पाटी खाली ठेवली, पण तो हलला नाही. "मीच कामून? एवढे शंभर माणसं हायेत."

"तुमाला ठावं हाय की ते काम. दुसऱ्याला काय कळतंय त्याच्यातलं?"

"काय ठावं हाय? माझ्या हाताला अजून वास यायलाय का?"

त्याची बायको हातातला हातोडा न थांबवता बोलली. "अण्णा, औंदा तुमची म्हस मेली तवा कुणी वडली? तुमीच वडलाव न्हवं? सवय तुमालाच हाय. तुमीच उचला की."

बाया हसल्या. मुकादमही हसला, पण त्याने दुसऱ्या कुणाचे नाव घेतले नाही. दुसरे कुणी पुढेही आले नाही. हिंदू मजुरांना हाडांना हात लावायचा नव्हता, आणि बौद्ध मजुरांनी ते काम सोडले होते. शेवटी माती अधिकाऱ्याने आणि मी चाळली. पीठ चाळायची एक मोठी चाळण शाळेच्या शिपायाने आणून दिली. परत नेणार नाही, असे त्याने आधीच सांगितले.

त्याच दिवशी दुपारच्या बसने माझी बातमी छापलेला अंक गावात आला.

बातमी फाट्यावरच्या हॉटेलात मोठ्याने वाचली गेली. रविवारी गावातल्या एका शेतकऱ्याचा बैल मेला. चारा नव्हता, त्या महिन्यात बरेच बैल मेले. शेतकऱ्याचा गडी अंकाची घडी घेऊन वस्तीवर गेला. हे मला सोमवारी मुकादमाकडून कळले, आणि नंतर वस्तीवरून त्याची खात्री करून घेतली. गड्याचे म्हणणे असे होते की, हे तुमचेच काम असल्याचे पेपरात आले आहे, तेव्हा बैल उचला. अप्पाने त्याला सांगितले, "ज्यानं लिव्हलंय त्यालाच बलवा वडायला."

सोमवारी संध्याकाळी, उन्हे उतरायच्या आत, मी वस्तीवर गेलो. पहिल्या दिवशी जायला हवे होते. अप्पा दारात बाजेवर बसला होता.

"या पेपरवाले," तो म्हणाला. "बैल तिकडं हाय. तुमी हिकडं कसं आलाव?"

मी चूक झाल्याचे सांगितले. दुरुस्ती छापून आणतो म्हणालो.

"काय छापणार?"

"की ते काम तुम्ही आता करत नाही."

"म्हंजे परत तेच. आदी करायचे, आता करत न्हाईत. परत हॉटेलात वाचतील." त्याने बायकोकडे पाहिले. "ह्यांला च्या ठेव. साखर न्हाई म्हणून सांग आदी."

मी दुरुस्ती पाठवली नाही.

चहा पिताना तो आपणहून बोलू लागला. वही काढू नका, म्हणाला. मी काढली नाही. पुढचे मी त्या दिवशी शाळेत परतल्यावर आठवून लिहिले.

बौद्ध झाल्यावर वस्तीने मेलेली ढोरे ओढायचे सोडले. गावाने त्या हंगामात वस्तीतल्या कुणाला शेतावर बोलावले नाही आणि आडावर पाणी भरू दिले नाही. पेरणी गेली, काढणी गेली. तरी कुणी परत त्या कामाला गेले नाही. अप्पाने त्या साली हाडाला हात न लावण्याची शपथ घेतली होती आणि ती पाळली होती.

"त्या कामापायी दिलेल्या आमच्या जमिनीच्या कागदावर त्या कामाचं नाव अजून हाय," तो म्हणाला. "काम सोडून पंधरा वर्सं झाली. कागुद सोडंना. तुमी अकरा ओळी लिव्हलाव, तर गडी दारात आला. सरकारानं लिव्हलं तर कोण येईल?"

मी गुहेतल्या फरशीबद्दल सांगितले. ती फार जुनी असावी, साहेबांनी तार केली आहे, असे म्हणालो. अप्पाची बायको आतून बाहेर आली.

"कसली फरशी?" तिने विचारले.

"चपट्या दगडांची."

तिने नवऱ्याकडे पाहिले. तो हसायला लागला आणि खोकला येईपर्यंत हसला.

"ती माझ्या बापानं घातली," तो म्हणाला. "हाडाला खालून वल लागू नये म्हणून. वली हाडं ठेकेदार घेत नव्हता. वाळवून हितं भरायची अन् वर्साकाठी गाडी भरून टेसनाला न्यायची. फरशीच्या खाली आमी कवा उकरलो न्हाई. खाली जे हाय ते आमचं न्हाई."

याचा अर्थ माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. अधिकाऱ्याचा मोठा शोध खोटा होता. पण फरशीखालची हाडे त्यामुळेच खरी ठरत होती. फरशी कधी आणि कशासाठी घातली हे निश्चित झाले, तर वरचे आणि खालचे मिसळलेले नाही, हेही निश्चित होत होते. ते सांगू शकणारा माणूस एकच होता आणि त्याला कागदावर यायचे नव्हते.

"खोटं वाटत आसंल तर आतल्या डाव्या कोपऱ्यातला दगड उलटा करून बघा," तो म्हणाला. "आमच्या जात्याची खालची तळी हाय. फुटलेली. बापानं पालथी घातली."

मी त्याला विचारले की हे साहेबांना सांगू का. "फरशीचं सांगा," तो म्हणाला. "नाव नगं."

मंगळवारी सकाळी मी अधिकाऱ्याला फरशीचे सांगितले. तो एका दगडावर बसला आणि त्याने गुडघे चोळले. मग तो आत सरपटत गेला. वरची हाडे बाजूला सारून डाव्या कोपऱ्यातला दगड आम्ही दोघांनी उलटा केला. तो अर्ध्यात फुटलेला होता. जाते टाकवल्याच्या खुणा अजून दिसत होत्या. मधल्या भोकात लोखंडी खुंटाचा गंज होता.

अधिकारी कन्नडमध्ये एवढेच म्हणाला की, तार परत घेता येत नाही.

मी नाव सांगितले नव्हते, पण आदल्या संध्याकाळी मी कुणाकडे गेलो होतो हे त्याला माहीत होते. जरा वेळाने त्याने अप्पाला बोलावणे पाठवले. अप्पा आला, पण गुहेच्या तोंडापासून दहा पावलांवर, एका बाभळीखाली थांबला. अधिकाऱ्याकडे जबानीचा छापील कागद होता. नाव, बापाचे नाव, वय, जात, धंदा.

"धंदा काय लिव्हणार?" अप्पाने मला विचारले.

मी अधिकाऱ्याला विचारले. "मजूर," तो म्हणाला.

"आन् जात?"

"ते सांगतील ते."

"बौद्ध," अप्पा म्हणाला. "हितवर ठीक हाय. पुढं काय लिव्हणार?"

"फरशी त्यांच्या वडिलांनी घातली."

"कशासाठी घातली म्हणून लिव्हणार?"

मी ते भाषांतर केले. अधिकाऱ्याने पेनचे टोपण काढले होते, ते परत लावले. कारण लिहिल्याशिवाय जबानीला अर्थ नाही, असे तो म्हणाला. फरशी कुणीही कशासाठीही घातली असू शकते. ती हाडे साठवायला घातली, हाच मुद्दा होता. त्याने अप्पाशी सरळ दखनीत बोलून पाहिले. हे कागद फक्त शिकलेले लोक वाचतात, गावात कुणी वाचणार नाही, असे त्याने सांगितले.

"साब, गाव में कागज पढने वाला नहीं आता," अप्पा म्हणाला. "कागज आता. नक्को साब. नाम नक्को लिखो."

अधिकाऱ्याने पुन्हा विचारले नाही. जबानीशिवाय आपल्या अहवालातली खालची हाडे कोण मानणार, असे तो मला इंग्रजीत म्हणाला. मी ते भाषांतर केले नाही. अप्पाने ते काय होते असे विचारलेही नाही.

त्या दुपारी शेतकऱ्याने आणि त्याच्या भावाने आपला बैल स्वतः ओढला. दोघांनी तोंडाला धोतराचा सोगा बांधला होता. बैल दोन दिवस उन्हात पडून फुगला होता. घरापासून ओढ्यापर्यंत न्यायला त्यांना दीड तास लागला. दोर दोनदा तुटला. खडीवरच्या मजुरांनी हातोडे थांबवून ते पाहिले. मुकादमाने त्यांना कामाला लागा म्हटले नाही. वस्तीतले कुणी बाहेर आले नाही.

बुधवारी सकाळी अप्पा आणि त्याची बायको गुहेकडे आले. काम अजून सुरू व्हायचे होते. बायकोच्या हातात चुंबळ होती. जात्याचा अर्धा दगड गुहेच्या तोंडाशी ठेवलेला होता. अधिकारी त्याला टेप लावून मापे घेत होता.

"हे आमी न्यायलाव," अप्पा म्हणाला.

मी ते सांगितले. अधिकारी म्हणाला, "तो पुरावा आहे."

"बघून झालं न्हवं तुमचं? झालं तर मग. ते आईचं जातं हाय. हाडाखाली माझं जातं घातलं म्हणून ती मरेस्तोवर बापाला बोलली."

"मरेस्तोवर न्हाई," त्याची बायको म्हणाली. "मेल्यावर बी. माझ्या सपनात येऊन मला बोलती. तू तरी घरी आण म्हणती."

हे मी शब्दशः भाषांतर केले. अधिकारी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. मग त्याने हातातल्या टेपकडे पाहिले, वहीतल्या मापांकडे पाहिले. दगड गेला तर फरशी अलीकडची असल्याचे दाखवायला त्याच्याकडे काही उरणार नव्हते: ना वस्तू, ना जबानी. दगड ठेवून घेतला, तर तो कुणाचा, हा प्रश्न कुणीतरी विचारणार होते, आणि त्याचे उत्तर वस्तीवर येऊन थांबत होते. हे त्याने मला सांगितले नाही. पण वहीतले मापांचे पान त्याने फाडले, हे मी पाहिले.

"घेऊन जा," तो म्हणाला.

दगडावर माती होती आणि मातीत हाडांचे बारीक तुकडे. अप्पाने बाभळीचा एक डहाळा तोडला आणि दगड झाडला; मी तो उलटा केल्यावर दुसरी बाजूही झाडली. पानांनी झाडून झाल्यावर त्याने वाकून, हात न लावता, भोकात फुंकर मारली. मग दोघांनी मिळून दगड उचलला आणि बायकोच्या डोक्यावर ठेवला. ती वस्तीच्या वाटेने पुढे गेली. तो पाटी घेऊन खडीवर गेला.

अधिकाऱ्याने त्या दिवशी दुसरी तार केली: फरशी प्राचीन नाही. कशावरून, हे त्याने तारेत लिहिले नाही. शुक्रवारी खालच्या थरातली हाडे आणि गारगोट्या भुसा भरलेल्या दोन खोक्यांत घालून जीपने गुलबर्ग्याला गेल्या. वरच्या थरातली हाडे त्याने परत गुहेत टाकायला सांगितली. ती आम्ही दोघांनी टाकली. मग मजुरांनी तोंडाशी दगड रचले. मी पुढची बातमी पाठवली. ती पाच ओळींची होती आणि तिच्यात गावाचे नाव नव्हते. संपादकांनी ती छापली नाही.

अहवाल मला काही वर्षांनी गुलबर्ग्याच्या कार्यालयात पाहायला मिळाला. तोवर म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले होते आणि अधिकारी निवृत्त झाला होता. अहवाल कन्नडमध्ये आहे, टंकलिखित, साडेतीन पानांचा. खालच्या थरातली हाडे प्राचीन असावीत, मात्र थर मिसळलेले नाहीत हे सिद्ध करता येत नसल्याने काळ निश्चित करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. फरशीबद्दल एक वाक्य आहे: ती अलीकडच्या काळातली आहे. त्याचा आधार म्हणून 'उत्खनन करणाऱ्याची पाहणी' असे लिहिले आहे. शेवटच्या पानावर स्थानिक साक्षीदारांची नावे लिहिण्याचा रकाना आहे. त्यात आडवी रेघ मारलेली आहे.